हे कुठं लिहिलंय?

स्टेशनबाहेरच्या न्हाव्याच्या दुकानावर एक पाटी होती: 'सोमवारी बंद. कारण: पूर्वीपासून.' गावात नवा आलेला माणूस ती वाचून थबकायचा. आम्हा जुन्यांना मात्र ती कोणामुळे लागली ते ठाऊक होतं.

झालं होतं असं, की आमच्या कचेरीतले हेडक्लार्क एका सोमवारी दाढी करायला गेले आणि दुकान बंद. मंगळवारी त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "सोमवारी बंद असतं, हे कुठं लिहिलंय?"

"काका, अख्ख्या दुनियेला माहीत आहे," न्हावी म्हणाला.

"मला माहीत नव्हतं. म्हणजे अख्ख्या दुनियेला नाही."

कटकट नको म्हणून न्हाव्यानं पाटी लावली. पुढल्या खेपेला हे पुन्हा दारात उभे. "कारण कुठं लिहिलंय?" बिचाऱ्याच्या वाडवडिलांनाही कोणी कधी कारण विचारलं नव्हतं. त्यानं खडू घेतला आणि सुचलं ते लिहून टाकलं. मग हळूहळू साथच आली. समोरच्या पोळीभाजी केंद्रावर 'कांदा मागितल्यास मिळेल, लिंबू मागूनही मिळणार नाही' असं लागलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी 'डॉक्टर जेवायला गेले आहेत, नंतर झोपतील' असा खरा मजकूर लावला. पाट्यांच्या बाबतीत पुण्याचं नाव उगाच मोठं झालंय, एवढंच म्हणते.

कचेरी म्हणजे नगरपालिका. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यातली नेमकी कुठली, ते सांगणार नाही. तिथली निम्मी माणसं अजून रस्त्यात भेटली की ओळख दाखवतात, ती दाखवत राहावीत अशी इच्छा आहे.

काकांचं नाव हजेरीपटावर होतं, पण कोणाच्या तोंडात नव्हतं. सगळे त्यांना 'राजपत्र' म्हणायचे. सरकारचा कायदा राजपत्रात छापून आल्याशिवाय लागू होत नाही, आणि हे गृहस्थ छापलेलं दाखवल्याशिवाय खुर्चीतून उठत नसत. 'आज राजपत्र रजेवर आहे' ही बातमी खालच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली की अख्खी कचेरी सैल व्हायची. हे नाव त्यांनाही माहीत होतं. त्यांची तक्रार एवढीच, की लोक ते पाठीमागे म्हणतात. "टोपणनावसुद्धा प्रसिद्ध केलेलं बरं," ते म्हणायचे.

मी तिथं कंत्राटी संगणक चालक म्हणून लागले तेव्हा कचेरीत संगणक नवे होते आणि त्यांच्यावर मखमली झाकणं होती. पहिल्याच दिवशी काकांनी मला दारात उभं केलं आणि संगणक खोलीचे नियम वाचून दाखवले. चपला बाहेर. पाण्याची बाटली बाहेर. झाकण काढल्यावर घडी करून ठेवणे. शेवटी चष्म्यावरून बघत विचारलं, "कळलं?"

मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं सांग."

"कळलं."

"मग प्रसिद्ध झालं," असं म्हणून त्यांनी मला आत सोडलं. संध्याकाळी शहाडला घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, "कचेरीत एक वेडा आहे गं." आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "एकच?"

त्यांच्या टेबलावर काच होती. इतरांच्या काचेखाली देव नाहीतर नातवंडं असतात. यांच्या काचेखाली जेवणाच्या सुट्टीचं परिपत्रक होतं. मागच्या भिंतीवर एकच तसबीर, निळ्या कोटातली, आणि तिला रोज ताजं फूल. खरवईला त्यांच्या घरीही तशीच तसबीर, आणि तिच्याखाली चौकटीत घातलेला एक कागद. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, कुठलं तरी मानपत्र असेल. वाचलं तर त्यावर 'घरातील नियम' असा मथळा होता आणि पहिला नियम होता: 'चहात आलं घालावे. वेलची घालू नये.'

त्याची गोष्ट काकूंनी सांगितली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासूबाईंचे इतके नियम होते की पाय टाकू तिथं एक. पण सांगायचं कोणी नाही. नियम मोडला की मगच कळायचा. चादर उलट्या बाजूनं घातली, मोडला. माहेरचा लोटा ओट्यावर ठेवला, मोडला. एकदा काकू रात्री रडल्या तेव्हा काकांनी सकाळी उठून वही-पेन्सिल घेतली आणि आईसमोर बसले. "आई, तुझे सगळे नियम सांग. हिला लेखी द्यायचे आहेत."

म्हातारीला आधी फार बरं वाटलं. मुलगा सरकारी नोकरीत आहे, आपले नियम लिहून घेतोय, म्हणून तिनं भराभर सांगायला सुरुवात केली. सुनेनं जेवताना हसू नये. सुनेनं खिडकीत उभं राहू नये. काका एकेक लिहायचे आणि मोठ्यानं वाचून विचारायचे, "हाच ना? असाच लिहू? भिंतीवर लावायचाय, चाळीतले सगळे वाचतील." पाचसहा नियम वाचून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "तो हसण्याचा राहू दे." मग म्हणाली, "खिडकीचा पण काढ." असं करत करत शेवटी भिंतीवर लावण्यासारखा उरला तो आल्याचा.

"तेव्हापासून या माणसाचं सगळं मी सहन करते," काकू म्हणाल्या आणि आलं घातलेला चहा पुढं केला.

तर अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस जिल्ह्याहून आदेश आला. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच झाला होता. आदेशात म्हटलं होतं, की प्रत्येक कचेरीनं आपले सगळे नियम आपण होऊन लोकांपुढं ठेवायचे, संकेतस्थळावर टाकायचे. कोणी मागायची वाट बघायची नाही. नगरपालिकेचे स्वतःचे नियम असतात, त्यांना उपविधी म्हणतात. पाण्याचे, बाजाराचे, कचऱ्याचे, कुत्र्यांचे. ते पिवळ्या कागदांवर, कपाटात, वर्षानुवर्षं पडून होते.

इतरांनी तो आदेश वाचून फाइलला लावला असता. काकांनी पेढे आणले.

काम अर्थातच माझ्यावर आलं. मुख्याधिकारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "हे बघा, तुमची मुदत मे अखेर संपते. तोवर सगळं टाकून व्हायला पाहिजे. टाकून झालं, की हेडक्लार्क सही करतील, दाखला जिल्ह्याला जाईल आणि तुमची मुदतवाढ पक्की."

मी पळत येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पक्की, हे कुठं लिहिलंय?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. वडिलांचा कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, घर माझ्या पगारावर चालत होतं, आणि या माणसाला न्हाव्याची पाटी आणि माझी नोकरी यांत फरक दिसत नव्हता. मी खोलीत जाऊन टंकायला बसले. महिनाभर मान मोडून सगळे उपविधी टंकले, संकेतस्थळावर चढवले आणि पानाच्या तळाशी वाचकांची संख्या दाखवणारा आकडाही बसवला. तो आकडा मी किंवा काकांनी पान उघडलं तरच हलायचा. साहेबांनी दाखल्याचा मसुदा पाठवला: 'सर्व उपविधी संकेतस्थळावर प्रसिद्ध केले असून ते नागरिकांना सहज वाचता येतात.' खाली सहीची जागा.

काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "सहज वाचता येतात. कोणाला?"

"नागरिकांना."

"आपण कुठल्या नागरिकाला विचारलं?"

म्हणून आम्ही उल्हासनगरला कॅम्पातल्या एका सायबर कॅफेत गेलो. मालक सिंधी, गल्ल्यावर बसून पापड खात होता. मी पत्ता टाकला, पान उघडलं. पानावर एकही मराठी अक्षर नव्हतं. डॉलर, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम आणि डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. आमच्या कचेरीत जो फाँट होता तो बाहेर कोणाकडे नव्हता, आणि त्याच्याशिवाय मजकूर असाच दिसत होता.

मालक उठून बघायला आला. "वडी सांईं, ये कौनसी भाषा है? फ्रेंच है क्या?"

"मराठी आहे," काका म्हणाले.

"अच्छा अच्छा. सरकारी मराठी होगी."

परत येताना काका रिक्षात म्हणाले, "आपला कायदा फक्त आपल्याच कचेरीत मराठी आहे."

साहेबांनी तोड काढली, की पानावर सूचना टाका: 'मजकूर दिसत नसल्यास फाँट उतरवून घ्यावा.' मी टाकली. काका दुसऱ्या दिवशी एकटेच कॅफेत जाऊन आले आणि सांगितलं, की सूचनाही फ्रेंचमध्येच दिसते. यावर साहेब चिडले. "अहो, लोकांना वाचता येतं की नाही हे तुम्ही कशाला बघताय? टाकायला सांगितलंय, टाकलं."

"साहेब, टाकतो आपण कचरासुद्धा," काका म्हणाले. "त्याला प्रसिद्ध करणं म्हणत नाहीत."

मग मी सगळं पुन्हा टंकलं, सगळीकडे दिसेल अशा नव्या पद्धतीच्या अक्षरांत. बोटं सुजली. मनात काकांना काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुन्हा कॅफेत गेलो. या वेळी मराठी दिसली. मालकानं पापडाचा तुकडा पुढं केला आणि अभिनंदन केलं. मला वाटलं, सुटले. मी दाखला पुढं केला. काका म्हणाले, "दिसतं. वाचता येतं का, ते बघायचं राहिलं."

त्यासाठी त्यांनी निवडली ती करवंदवाली म्हातारी. ती बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून यायची आणि आमच्या फाटकाशेजारी, पिंपळाच्या सावलीत रानमेव्याची पाटी मांडून बसायची. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसात टाकळा नाहीतर कंटोळी. अतिक्रमण विभागाचा मुकादम दर दोन-चार दिवसांनी तिची पाटी उचलून न्यायचा. मुकादम वाईट माणूस नव्हता. करवंदं स्वतः खात नसे, वाटून टाकायचा. "नियम आहे," एवढंच त्याला ठाऊक होतं. काका वरच्या खिडकीतून हे बघायचे. एकदा ते मला म्हणाले होते, "माहीत नसलेला नियम म्हणजे झाकण नसलेलं गटार. माणूस पडतो आणि आपण त्यालाच दंड करतो."

म्हातारीला त्यांनी सन्मानानं वर आणलं. तिनं चपला बाहेर काढल्या, बाजाराच्या उपविधीचं पान बघितलं आणि पडद्यावरून हात फिरवला. "गार लागतंय," म्हणाली. "पन मना काय कलतं रं बाबू? मी कंदी शालंत गेले?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "नागरिकाला वाचता येत नाही."

"अहो, तिला काहीच वाचता येत नाही," मी ओरडले. "त्याला संकेतस्थळ काय करणार?"

"म्हणजे काम अर्धंच झालंय."

आता पुढचा प्रकार. पाणीखात्याची एक रिक्षा होती, वर भोंगा बांधलेला. वर्षानुवर्षं ती रिक्षा गावात एकच गोष्ट सांगायला फिरायची, की उद्या पाणी येणार नाही. काकांना वाटलं, संकेतस्थळाची बातमी सांगायला ही रिक्षा छान. साहेब ठाण्याला बैठकीला गेले होते. काका पुढं बसले, ध्वनिक्षेपक हातात घेतला. मला मागं बसवलं, कारण पत्ता सांगताना डब्ल्यू तीनदा म्हणायचा की चारदा, याची त्यांना खात्री नव्हती.

पहिल्या गल्लीत शिरताच त्यांनी सुरू केलं, "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. आयुष्यभर लोकांनी त्या भोंग्यातून एवढंच ऐकलं होतं आणि लगेच बादल्या शोधल्या होत्या. गॅलऱ्यांत बायका आल्या. नळ सुटले. काका खालून उपविधी, संकेतस्थळ, नागरिकांचा हक्क, असं जीव तोडून सांगत होते आणि वरून मला ऐकू येत होतं:

"किती दिवस नाही म्हणे?"

"एवढं लांबलचक सांगतोय, म्हणजे दोन-तीन दिवस तरी."

"पिंप धू गं आधी. नंतर बोल."

काका मागं वळून म्हणाले, "बघ, लोक कसे बाहेर येतायत." त्यांचे डोळे चमकत होते. मला सांगवेना.

संध्याकाळपर्यंत गावानं बादल्या, पिंपं, कढया, लहान मुलांच्या आंघोळीची टपंसुद्धा भरून ठेवली. टाकी तळाला गेली. वरच्या मजल्यांचं पाणी खरोखरच बंद झालं. पाणीखात्याचे इंजिनियर धापा टाकत आले. "पाणी बंद आहे असं कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना भरायला मिळालं नाही त्या बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीवर आल्या. साहेब मागच्या दारानं आत आले. शिपायानं फाटक लावून घ्यायला सुरुवात केली तेव्हा काका पिवळ्या कागदांची चळत घेऊन पायरीवर जाऊन उभे राहिले. एवढे नागरिक एका जागी त्यांना उभ्या नोकरीत मिळाले नव्हते.

"पाणी कधी येणार?" एकीनं विचारलं.

"ते कलम पुढं आहे," असं म्हणून त्यांनी पाण्याचे उपविधी पहिल्यापासून वाचायला घेतले.

बायकांना आधी राग आला, मग हसू आलं. पाणी येईपर्यंत जायचं तर नव्हतंच, म्हणून हंडे पालथे घालून त्या त्यावर बसल्या. काका प्रत्येक कलमानंतर विचारत होते, "कळलं?" हळूहळू बायका शाळेतल्यासारख्या एका सुरात "कळलं" म्हणायला लागल्या. पुरवठा बंद ठेवायचा तर आदल्या दिवशी सूचना द्यावी, हे कलम आल्यावर एक जण ताडकन उठली. "मग काल सूचना कुठं दिली?"

"अगं दिली की," शेजारीण म्हणाली. "रिक्षा नव्हती का आली?"

पाण्याचे संपले तरी पाणी आलं नव्हतं. म्हणून काकांनी बाजाराचे काढले. फाटकाशेजारी म्हातारी पाटीवर फडकं टाकून बसली होती. एका कलमाला ती म्हणाली, "बाबू, ह्ये पुन्ना वाच." त्यांनी पुन्हा वाचलं. "आनिक एकदा." त्यांनी आणखी एकदा वाचलं. मग नळाला पाणी आल्याची बातमी आली आणि क्षणात पायरीपुढं ती आणि काका दोघंच उरले.

साहेबांनी काकांना 'कारणे दाखवा' नोटीस दिली. काकांनी ती वाचली, 'मसुदा चांगला आहे, मात्र कोणत्या नियमाखाली दिली ते लिहायचे राहून गेले आहे' असा शेरा मारून परत पाठवली. ती पुन्हा आली नाही.

पण दाखल्यावर सही काही झाली नाही, आणि मे महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दाखला घेऊन जिल्ह्याला जाणारा शिपाई दुपारपासून साहेबांच्या दारात बसून होता. मी माझं टेबल आवरून ठेवलं होतं. डबा, कंगवा, देवाचा छोटा फोटो, सगळं पिशवीत. शेवटी मला राहवलं नाही. मी काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, तुमच्या सहीवर माझं घर अडलंय. साहेबांनी शब्द दिलाय मला."

"तो कुठं लिहिलाय?"

"सगळंच लिहिलेलं नसतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, बाकीचे क्लार्क बघत होते. "शब्दावरही जग चालतं."

काकांनी पेन खाली ठेवलं. "माझे वडील अंबरनाथला एका कारखान्यात होते," ते म्हणाले. "नियम मोडला म्हणून एक दिवस घरी पाठवलं. नियम साहेबाच्या कपाटात, इंग्रजीत. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय मोडलं. मरतानासुद्धा विचारत होते." मग त्यांनी मान मागच्या तसबिरीकडे वळवली. "यांच्या फोटोखाली बसून मी खोटं लिहू? लोकांना सहज वाचता येतं म्हणून? म्हातारीची पाटी परवासुद्धा उचलली."

माझा राग गेला नाही, पण त्याच्याशी आता काय करायचं ते कळेना. तेवढ्यात खाली आरडाओरडा सुरू झाला. आम्ही खिडकीशी गेलो. मुकादमानं म्हातारीच्या पाटीला हात घातला होता आणि म्हातारीनं दुसरी कड धरून ठेवली होती. पूर्वी ती हात जोडायची. आज पाटी सोडत नव्हती.

"कंच्या कलमानं नेतो रं? आं? पाटी न्यायाची नाय. कलम चालीस."

"कलमबिलम काय सांगते मला? कुठं लिहिलंय?"

म्हातारीनं हात वर करून थेट आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "त्या पोरीच्या डब्यात लिवलंय. जा, बगून ये. तंवर मी हितंच हाय."

काकांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मला वाटलं मुकादम हसेल. पण गर्दी जमली होती, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर चाळिसावं कलम आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो जिना चढून वर आला. चपला दारात काढल्या.

"मॅडम, ते बाजाराचं काढा जरा. म्हातारी म्हणते कलम चाळीस."

बाजाराच्या उपविधीत चाळीस कलमं मुळात नव्हतीच. मी कळ दाखवली, ती दाबून पान त्यानंच उघडलं. मुकादम स्टूल ओढून बसला आणि पडद्याला बोट लावून, ओठ हलवत, पहिल्यापासून वाचायला लागला. बराच वेळ गेला. एका ठिकाणी बोट थांबलं. विक्रेत्यांनी कुठं बसू नये ती जागा नगरपालिकेनं आखून तिथं फलक लावावा, आणि फलक नसलेल्या जागेवरून माल उचलू नये, असं ते कलम होतं.

"फलक कुठंय?" त्यानं विचारलं.

"तेच मी विचारतोय," काका म्हणाले.

"मग हे मला आजवर कोणी का नाही दाखवलं?" मुकादम खरोखर दुखावला होता. "इतकी वर्षं शिव्या खातोय मी लोकांच्या."

तो खाली गेला. म्हातारीला काहीतरी पुटपुटला आणि पाटी दोन्ही हातांनी जागेवर ठेवली. म्हातारीनं त्याला पानाच्या द्रोणात करवंदं दिली. त्यानं ती उभ्या उभ्या खाल्ली.

"कलम तर तिनं चुकीचं सांगितलं," मी म्हटलं.

"सांगू दे. बघायला कोण आलं ते बघ." काका माझ्या पडद्यावर वाकले होते. तळाचा आकडा एकानं वाढला होता, आणि या वेळी तो मी वाढवला नव्हता, त्यांनीही नाही. त्यांनी दाखला मागितला, 'सहज' हा शब्द खोडला, त्याच्या डोक्यावर 'विचारल्यास' असं लिहिलं आणि सही केली. सही करताना ते हसत होते.

आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी सही बघितली, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि कागद ओढला. तो येईना. दुसऱ्या टोकावर काकांचं बोट होतं.

"साहेब, या मुलीच्या मुदतवाढीचं कुठं लिहिलंय?"

"बघू ना. पुढल्या आठवड्यात बघू." साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या एकाचंही नाव वरून आलंय, त्यामुळे जरा..."

इतके दिवस मी ज्या शब्दावर उभी होते तो शब्द असा खिडकीतून निघून चालला होता, आणि मी काकांवर चिडत होते. काकांनी कागद अलगद स्वतःकडे ओढला. "मग हेही पुढल्या आठवड्यात बघू," ते म्हणाले.

दारातला शिपाई खाकरला. साहेबांनी घड्याळ बघितलं, काकांकडे बघितलं आणि टंकलेखकाला हाक मारली.

मुदतवाढीचा आदेश टंकून झाला, त्यावर शिक्का पडला. मी हात पुढं केला. काकांनी तो मला दिला नाही. ते केबिनबाहेर येऊन सगळ्या क्लार्कांच्या मधोमध ताठ उभे राहिले आणि जावक क्रमांकापासून शिक्क्यापर्यंत सगळा आदेश मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कळलं?"

मला रडू फुटलं होतं. मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं सांग."

"कळलं, काका."

"मग प्रसिद्ध झालं," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.